सर्पगंधा : शांतवणाऱ्या मुळीतले रसायन

'वनस्पतीजन्य आहे, म्हणजे निर्धोक आहे' हा समज शहरी समाजात चांगलाच रुजलेला आहे. झोप लागत नाही, छाती धडधडते, मन अस्वस्थ राहते, रक्तदाब वाढतो, अशा तक्रारींवर डॉक्टरांकडे जाण्याआधी एखादे चूर्ण घेऊन पाहण्याकडे अनेकांचा कल असतो. अशा चूर्णांत आणि गोळ्यांत ज्या मुळीचे नाव पूर्वापार घेतले जाते, ती सर्पगंधा. या मुळीचा गुण काल्पनिक नाही. आधुनिक वैद्यकाने तो कसोटीला लावला, मान्य केला आणि त्यामागचे रसायनही शोधून काढले. त्या रसायनाचे नाव रिसर्पिन. मात्र ज्या क्रियेमुळे रिसर्पिन मन शांत करते, तिच्याच अतिरेकाने शरीर शिथिल आणि मन खिन्न होऊ शकते. म्हणूनच सर्पगंधेची माहिती करून घेताना तिचा गुण आणि तिचा धोका यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

वनस्पतीची ओळख

सर्पगंधा हे साधारण अर्धा ते एक मीटर उंचीचे झुडूप आहे. कण्हेर, सदाफुली आणि सातवीण ज्या कुलात मोडतात, त्याच ॲपोसायनेसी कुलातील ही वनस्पती होय. तिची पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलात येतात. फुले पांढरी किंवा गुलाबीसर, त्यांचे देठ लालसर आणि पिकलेली फळे जांभळट काळी असतात. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या दमट रानापर्यंत ती आढळते. मराठीत तिला अडकई असेही नाव आहे.

औषधात वापरली जाते ती मुळी. तिला फारसा वास नसतो, चव मात्र अत्यंत कडू असते. हा कडूपणा तिच्यातील अल्कलॉइड वर्गातील द्रव्यांचा आहे. ती बहुतांशी मुळीच्या सालीत साठलेली असतात. एकाच मुळीत अशी अनेक अल्कलॉइडे असून रिसर्पिन हे त्यांपैकी एक आहे. वाळलेल्या मुळीच्या हजार भागांत ते साधारण एक ते दीड भागच असते.

शास्त्रीय नावातील 'राउवोल्फिया' हा भाग सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट राउवोल्फ यांच्या स्मरणार्थ दिलेला आहे, तर 'सर्पेन्टिना' हा भाग सर्पाशी नाते सांगतो. प्राचीन भारतीय वैद्यकात सर्पगंधा हे नाव विषावरील औषधांत येते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात सर्पदंशावर वापरल्या जाणाऱ्या मुळ्यांचे वर्णन आहे आणि त्यांतील एक सर्पगंधा असावी, असे अभ्यासक मानतात. सर्पविषावर मात्र या मुळीचा उपयोग होत नाही. साप चावल्यास प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठणे हाच उपाय आहे.

लोकौषधीकडून प्रयोगशाळेकडे

बिहारमध्ये ही मुळी 'पागल की दवा' म्हणून प्रसिद्ध होती. उन्माद, क्षोभ आणि निद्रानाश यांवर ती दिली जात असे. १९३१ हे वर्ष तिच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी कोलकात्याचे डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब या दोन्ही विकारांवर या मुळीचा उपयोग होत असल्याचे वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केली. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' हे नाव दिले. अजमलिन मन शांत करीत नाही. त्याचा परिणाम हृदयाच्या विद्युत् स्पंदनांवर होतो. ब्रुगाडा सिंड्रोम या हृदयविकाराचे निदान करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. एकाच मुळीतील दोन द्रव्ये शरीरात किती भिन्न कामे करतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

यानंतर कोलकात्यात डॉ. रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळीचा औषधशास्त्रीय अभ्यास पुढे नेला. भारतात तिचा वापर वाढत गेला, तरी पाश्चात्त्य वैद्यकाला तिची फारशी कल्पना नव्हती.

मुंबईतील निबंध

ही परिस्थिती बदलली ती मुंबईतील एका हृदयरोगतज्ज्ञामुळे. के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेचा वापर करून त्याचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी उच्च रक्तदाबावर परिणामकारक औषधे जवळजवळ नव्हती. मीठ कमी करणे, विश्रांती घेणे आणि काही वेळा मज्जातंतू छेदण्याची मोठी शस्त्रक्रिया करणे, एवढेच उपाय होते. अशा वेळी तोंडाने घेण्याजोगे औषध मिळणे ही मोठीच गोष्ट होती.

डॉ. वकील यांचा निबंध वाचून बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी मागवली आणि आपल्या रुग्णांवर तिचा प्रयोग केला. रक्तदाब हळूहळू उतरतोच. शिवाय रुग्ण अधिक शांत होतात, हे त्यांच्याही लक्षात आले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढील वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.

रिसर्पिनचा शोध आणि रचना

मुळीतील नेमके कोणते द्रव्य हा परिणाम घडवते, याचे उत्तर १९५२ मध्ये मिळाले. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी रिसर्पिन वेगळे केले. त्याचा परिणाम सांगताना याच कंपनीतील औषधशास्त्रज्ञ फ्रेडरिक याँकमन यांनी 'ट्रँक्विलायझर' हा शब्द वापरला आणि तो जगभर रूढ झाला. गुंगी आणून झोपवणारी औषधे पूर्वीही होती. रुग्ण जागा असूनही शांत राहतो, हा अनुभव नवा होता.

रिसर्पिनच्या एका रेणूत कार्बनचे ३३, हायड्रोजनचे ४०, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे ९ अणू असतात. त्याचा रेणुभार सुमारे ६०९ आहे. रेणूचा गाभा एकमेकांना जोडलेल्या पाच वलयांचा असून त्यात इंडोल हा घटक आहे. सेरोटोनिन या मेंदूतील द्रव्याच्या रेणूतही इंडोल असतो, ही बाब संशोधकांचे लक्ष वेधून घेणारी ठरली. या गाभ्याला एस्टर बंधाने ट्रायमिथॉक्सी बेंझॉइक आम्लाचा भाग जोडलेला असतो.

या रेणूत सहा कार्बन अणू असे आहेत, की त्यांच्याभोवतीची अणूंची त्रिमितीय मांडणी बदलली तर द्रव्यच बदलते. ही अवघड मांडणी अचूक साधून हार्वर्डचे रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये रिसर्पिनचे संपूर्ण संश्लेषण केले. सेंद्रिय रसायनशास्त्रातील तो एक मानदंड समजला जातो. वुडवर्ड यांना १९६५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भौतिक आणि रासायनिक गुणधर्म

शुद्ध रिसर्पिन ही पांढरी किंवा फिकट पिवळसर, गंधहीन, स्फटिकी पूड असते. पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये अल्प प्रमाणात आणि क्लोरोफॉर्ममध्ये सहज विरघळते. सुमारे २६५ अंश सेल्सियस तापमानाला ती वितळते आणि वितळतानाच विघटित होते. रिसर्पिन हा सौम्य आम्लारी आहे.

साठवणुकीच्या दृष्टीने त्याचे तीन गुणधर्म महत्त्वाचे आहेत. पहिला, प्रकाशाने ते बिघडते. घनरूपात त्याचा रंग सावकाश गडद होतो, तर द्रावणात हा बदल फार लवकर घडतो. ऑक्सिडीकरणामुळे पिवळे, हिरवट प्रतिदीप्ती दाखवणारे द्रव्य तयार होते. दुसरा, अल्कलीच्या संपर्कात त्याचे एस्टर बंध तुटून मूळ रेणूचे तुकडे होतात. तिसरा, आम्लात तापवल्यास एका कार्बन अणूभोवतीची मांडणी उलटून 'आयसोरिसर्पिन' तयार होते. अणू तेवढेच, फक्त मांडणी वेगळी. पण मूळ औषधी गुण नाहीसा होतो. औषधाच्या गोळ्या प्रकाशरोधक बाटलीत ठेवण्याची सूचना असते ती याचमुळे. पारदर्शक बरणीत महिनोन् महिने ठेवलेल्या चूर्णात औषधी द्रव्य किती उरले आहे, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही.

मेंदूत काय घडते

मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात ते रासायनिक द्रव्यांच्या साहाय्याने. नॉरॲड्रेनॅलिन, डोपामाइन आणि सेरोटोनिन ही त्यांपैकी प्रमुख द्रव्ये. ती पेशीच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. ही भरणी करणाऱ्या प्रथिनाला रिसर्पिन घट्ट चिकटते आणि त्याचे काम बंद पाडते. पिशव्यांत जाऊ न शकलेली द्रव्ये पेशीतच उघडी पडतात आणि मोनोॲमिन ऑक्सिडेज हे विकर त्यांचा नाश करते. कोठार हळूहळू रिकामे होते.

रक्तवाहिन्यांना आकुंचित करणारे नॉरॲड्रेनॅलिन कमी झाले, की वाहिन्या सैलावतात, हृदयाची गती मंदावते आणि रक्तदाब उतरतो. मेंदूतील साठा कमी झाला, की क्षोभ ओसरतो. रिसर्पिनची पकड सुटत नसल्याने नवी भरणी-यंत्रणा तयार होईपर्यंत परिणाम टिकतो. म्हणूनच या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि ते थांबवल्यावरही काही दिवस ते आठवडे परिणाम रेंगाळतो. एक दिवस चूर्ण घेऊन 'काहीच फरक पडला नाही' म्हणून दुसऱ्या दिवशी मात्रा दुप्पट करणे धोक्याचे आहे, त्याचे कारण हेच.

या क्रियेने मेंदूविज्ञानालाही दिशा दिली. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत रिसर्पिनमुळे सेरोटोनिनचा साठा घटतो, हे दिसून आले. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना एल-डोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामाइनचा हालचालींशी असलेला संबंध आणि कंपवातावरील उपचार यांचा पाया या संशोधनाने घातला. कार्लसन हे २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

शांतता आणि खिन्नता

१९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी रिसर्पिनचा वापर करून अनुकूल निष्कर्ष मांडले. मात्र त्याच सुमारास क्लोरप्रोमाझिन हे जलद परिणाम करणारे औषध उपलब्ध झाले आणि मनोविकारांच्या उपचारांत रिसर्पिन मागे पडत गेले. रक्तदाबावर मात्र ते दीर्घकाळ दिले जात राहिले.

या काळात डॉक्टरांना एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसू लागली. रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होत, त्यांना पहाटे जाग येई, कशातच रस वाटेनासा होई आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येत. मेंदूतील द्रव्यांचा साठा घटल्याने नैराश्य येते, ही कल्पना पुढे आली ती काही अंशी या निरीक्षणांमुळेच.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियंत्रित चाचणीत चिंताग्रस्त व उदास रुग्णांना रिसर्पिनचा फायदाच झालेला दिसला. जुन्या नोंदींची अलीकडे पुन्हा छाननी झाली, तेव्हाही रिसर्पिन आणि नैराश्य यांचे सरळ नाते सिद्ध झाले नाही. मात्रा हा यातील कळीचा मुद्दा आहे. सुरुवातीच्या काळात दिल्या गेलेल्या मात्रा पुढे रक्तदाबासाठी रूढ झालेल्या मात्रेच्या कितीतरी पट होत्या. रक्तदाबासाठी दिवसाला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी रिसर्पिन पुरेसे ठरते. तरीही ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे, त्याला हे औषध देऊ नये, हा दंडक कायम आहे आणि तो योग्यच आहे. कोठार रिकामे करण्याच्या याच तत्त्वावरील टेट्राबेनाझिन हे औषध हंटिंग्टन विकारातील अनैच्छिक हालचालींवर दिले जाते. त्याच्या वेष्टनावरही नैराश्य व आत्महत्येच्या धोक्याचा ठळक इशारा असतो.

कमी मात्रेतील रिसर्पिनचे श्रेयही नोंदवले पाहिजे. रक्तदाब उतरवल्याने पक्षाघातासारखे गंभीर परिणाम टळतात, हे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधील १९६७ व १९७० च्या चाचण्यांनी सिद्ध केले. त्या चाचण्यांत वापरलेल्या तीन औषधांपैकी एक रिसर्पिन होते.

कर्करोगाची शंका

सप्टेंबर १९७४ मध्ये 'लॅन्सेट'च्या एकाच अंकात तीन अभ्यास प्रसिद्ध झाले आणि रिसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचा निष्कर्ष त्यांत निघाला. मोठी खळबळ उडाली. नंतरच्या बहुतेक अभ्यासांत हा धोका आढळला नाही, किंवा फारच अल्प आढळला. मात्र उंदरांवरील दीर्घकालीन प्रयोगांत गाठी दिसून आल्या. त्यामुळे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसातील धोक्याबाबत वर्गीकरण करता येत नाही अशा गटात रिसर्पिन ठेवले आहे, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने ते संभाव्य कर्करोगकारक द्रव्यांच्या यादीत घेतले आहे.

कोणी टाळावे

नाक चोंदणे, सुस्ती, जुलाब, नाडी मंदावणे, भीतिदायक स्वप्ने आणि लैंगिक इच्छा कमी होणे, हे नेहमी आढळणारे दुष्परिणाम आहेत. जठरातील आम्लस्राव वाढतो. अधिक मात्रेत कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात.

नैराश्य, जठरव्रण, आतड्यांचा व्रणयुक्त दाह आणि फिओक्रोमोसायटोमा ही अधिवृक्क ग्रंथीची गाठ असलेल्यांनी सर्पगंधा किंवा रिसर्पिन घेऊ नये. मनोविकारावर विद्युत् उपचार सुरू असलेल्यांनाही ते वर्ज्य आहे. गर्भवती आणि स्तनदा मातांनी ते टाळावे. रिसर्पिन वारेतून गर्भापर्यंत आणि दुधातून बाळापर्यंत पोचते. नवजात बाळाचे नाक चोंदून त्याला श्वास घेणे व दूध पिणे अवघड होऊ शकते.

इतर औषधांशी होणारा संयोग हा शहरी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः नाडी मंदावणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असताना सर्पगंधेची भर पडल्यास रक्तदाब आणि नाडी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. डिगॉक्सिनबरोबर हृदयाचे ठोके अनियमित होण्याची भीती असते. कंपवातावरील लेव्होडोपाचा परिणाम कमी होतो. नैराश्यावरील काही औषधांबरोबर गंभीर गुंतागुंत होऊ शकते. मद्य आणि झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आपण सर्पगंधायुक्त औषध घेत आहोत हे भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगितले पाहिजे.

अतिमात्रा झाल्यास चेहरा लाल होणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, शरीर गार पडणे, रक्तदाब कोसळणे आणि बेशुद्धी अशी लक्षणे दिसतात. यावर नेमका उतारा नाही. रुग्णालयात लक्षणांनुसार उपचार करावे लागतात आणि परिणाम रेंगाळत असल्याने रुग्णाला काही दिवस निरीक्षणाखाली ठेवावे लागते. लहान मुलांच्या हाती अशा गोळ्या लागू नयेत, याची काळजी घेणे अगत्याचे आहे.

मुळी की गोळी?

शुद्ध औषधाच्या गोळीत रिसर्पिन किती आहे, हे ठाऊक असते. मुळीच्या चूर्णात ते निश्चित नसते. झाडाचे वय, जमीन, काढणीचा हंगाम, साल किती राखली आणि साठवण कशी झाली, यांवर प्रमाण बदलते. एका पुडीने गुण आला म्हणून दुसऱ्या दुकानातील तेवढीच पुडी तेवढाच परिणाम करील, असे नाही. सर्पगंधा घनवटीसारख्या कल्पांत मुळीचा अर्क आटवलेला असल्याने त्यांचा परिणाम साध्या चूर्णाहून तीव्र असू शकतो. वैद्य हे औषध रुग्णाची प्रकृती आणि नाडी पाहून देतात; शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेल्या पुडीला हा आधार नसतो.

भेसळीचा प्रश्नही आहे. रस्त्याकडेला उगवणाऱ्या रानसर्पगंधेच्या आणि इतर जातींच्या मुळ्या खऱ्या मुळीत मिसळल्या जातात. त्यांतील अल्कलॉइडांचे प्रमाण वेगळे असते. या भेसळीमागे टंचाई हे कारण आहे. मुळीसाठी झुडूप समूळ उपटावे लागते. जागतिक मागणी वाढल्यापासून रानातील सर्पगंधा झपाट्याने घटली आणि १९९० मध्ये तिचा समावेश वन्य जीव व वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला. लागवडीतील मुळी वापरणे हाच यावरचा मार्ग आहे. मात्र पीक हाती यायला दीड ते तीन वर्षे लागतात.

उच्च रक्तदाबावर अधिक सुरक्षित औषधे आल्याने बहुतेक देशांत रिसर्पिनचा वापर आता अत्यल्प उरला आहे. त्यामुळे मुळीची थोरवी कमी होत नाही. भारतीय लोकवैद्यकाने जपलेले ज्ञान मुंबईतील एका डॉक्टरने रुग्णांच्या नोंदींच्या आधारे जगापुढे मांडले आणि त्यातून मेंदूच्या रसायनशास्त्राचे एक दालन उघडले. ज्यांनी ही मुळी अभ्यासली, त्यांनी ती मोजून दिली, रुग्णाकडे लक्ष ठेवले आणि धोका दिसताच तो लिहून ठेवला. सर्पगंधेचे चूर्ण किंवा गोळी घरात असेल आणि रक्तदाबाचे, हृदयविकाराचे किंवा मनोविकाराचे औषधही चालू असेल, तर दोन्हींची माहिती एकाच डॉक्टरला देणे ही पहिली दक्षता होय. चालू औषध आपल्या मनाने बंद न करणे, ही दुसरी.